फिरत्या भट्टीतील घडीव लोखंड

लोखंड व पोलाद यांच्या इतिहासात सर विल्यम सीमेन्स यांचे नाव बहुधा एकाच संदर्भात येते. ज्या भट्टीला ‘ओपन हार्थ’ म्हणतात आणि विसाव्या शतकात अर्धशतकाहून अधिक काळ जगातील बहुतांश पोलाद जिच्यातून निघाले, तिचे ते जनक होत. ही कीर्ती रास्तच आहे. परंतु सीमेन्स यांनी आपली बुद्धी व पुष्कळसा पैसा खर्ची घालून दुसऱ्याही एका भट्टीचा पिच्छा पुरवला होता. ती आडव्या पिंपासारखी असून आपल्या आसाभोवती फिरत असे, आणि तिच्यात एका बाजूने लोहखनिज घातले की बीड करण्याची मधली पायरी गाळून थेट घडीव लोखंडाचे गोळे बाहेर पडत. ‘हा प्रयत्न यशस्वी झाला नाही’ एवढे एक वाक्य लिहून ग्रंथकार पुढे जातात. आमच्या मते त्या वाक्यात अर्धेच सत्य आहे. फिरती भट्टी चालत होती आणि तिच्यातून उत्तम लोखंडही निघत होते. मग ती का मागे पडली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आरंभी थोडे शब्दांविषयी. लोखंडाच्या तीन जातींतला भेद आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे. ओतीव ते बीड, घणाखाली वाकते व जुळते ते लोखंड, आणि धार धरते ते पोलाद किंवा जुन्या लोहारांच्या भाषेत तिखे. हा भेद मुख्यतः कार्बनाचा आहे. बिडात तो शेकडा तीन-चार असतो. घडीव लोखंडात जवळजवळ नसतोच. पोलादात मध्ये कुठेतरी. कार्बनामुळे लोखंडाचा वितळण्याचा अंश एकदम खाली येतो. शुद्ध लोखंड वितळण्यास सुमारे १५३५ अंश सेल्सियस उष्णता लागते, तर चार टक्के कार्बन असलेले बीड ११५० अंशांच्या आसपासच पाण्यासारखे वाहू लागते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सर्व हकीकत समजण्यास अडचण पडत नाही.

खनिजातून लोखंड काढण्याची मूळची रीत सरळ होती. लहान भट्टीत लोणारी कोळसा व खनिज यांचे थर घालायचे, भात्याने वारा द्यायचा, आणि धातू न वितळताच खनिजातील प्राणवायू कोळशाकडून हिरावून घ्यायचा. तळाशी मळीने माखलेला, स्पंजासारखा सच्छिद्र गोळा जमे. तो सांडशीने बाहेर काढून घणाने ठोकला की मळी पिळून निघे आणि लोखंड हाती येई. हे एकाच तावातले काम होते. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वराच्या रानात, धावड नावाचे लोक जांभ्यातील खनिजापासून याच रीतीने लोखंड काढीत. रानातील कोळशावर निर्बंध आले, विलायती लोखंड स्वस्त झाले, आणि त्यांची भट्टी एकोणिसाव्या शतकात विझली. निमाड, ग्वाल्हेर, तेलंगण येथेही अशा भट्ट्या पुष्कळ होत्या.

युरोपात मध्ययुगाच्या अखेरीस भट्टी उंच झाली व भाते पाणचक्कीवर चालू लागले. उष्णता वाढली, लोखंडाने कोळशातील कार्बन पोटभर शोषून घेतला आणि ते वितळून वाहू लागले. ही झोतभट्टी. उत्पादन अनेक पटींनी वाढले. पण निघाले ते बीड. त्याचे घडीव लोखंड करायचे तर जो कार्बन एका भट्टीत घातला तो दुसऱ्या भट्टीत जाळून काढणे प्राप्त झाले. हेन्री कॉर्ट या इंग्रज गृहस्थाने १७८४ साली त्यासाठी ढवळभट्टी काढली. तिच्या दारातून लांब सळईने वितळलेले बीड तासन् तास ढवळायचे, कार्बन जळत गेला की घट्ट होत येणारे लोखंड गोळा करायचे, आणि एकेक गोळा बाहेर ओढून घणाखाली द्यायचा. हे काम माणसाची हाडे मोडणारे होते. इंग्लंडच्या रेल्वे, पूल व जहाजे ज्या लोखंडाची झाली ते सारे अशा मजुरांच्या हातांनी ढवळलेले होते, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

म्हणजे एक वाट लहान पण सरळ, दुसरी मोठी पण वळसा घेणारी. झोतभट्टीत खनिजाबरोबर आलेला फॉस्फरसही जवळजवळ सगळा बिडात उतरतो व सिलिकातून सिलिकॉन शिरते. मग ते काढण्याचा खटाटोप वेगळा. विचारी माणसाला हा वळसा खटकावा हे स्वाभाविक होते. सरळ वाटच यंत्राच्या बळावर रुंद करता येणार नाही काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात अनेकांनी विचारला. सीमेन्स यांनी तो सर्वांत चिकाटीने विचारला.

कार्ल विल्हेल्म सीमेन्स यांचा जन्म १८२३ साली हॅनोव्हरजवळील लेंटे या गावी झाला. थोरले बंधू वेर्नर यांनी काढलेली विजेने मुलामा देण्याची युक्ती विकण्यासाठी ते १८४३ साली विसाव्या वर्षी इंग्लंडात आले, ती त्यांनी बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांस विकली, आणि पुढे तेथेच स्थायिक होऊन १८५९ साली ब्रिटिश नागरिक झाले. आपल्याकडील वाचकांस या घराण्याची आठवण दुसऱ्या एका कारणाने असावी: लंडनहून इराणमार्गे हिंदुस्थानाशी जोडणारी आणि १८७० साली खुली झालेली तारायंत्राची खुष्कीची वाट याच बंधूंनी बांधली. परंतु विल्यम यांचा खरा ध्यास उष्णतेचा होता. धुराड्यातून वाया जाणारी ऊब परत कामास कशी लावावी, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय.

धाकटे बंधू फ्रीड्रिख यांनी १८५६ साली त्यावर उपाय काढला. भट्टीतून बाहेर पडणारे तप्त वायू विटांच्या जाळीतून न्यायचे. विटा लाल झाल्या की प्रवाह उलटवून त्याच जाळीतून भट्टीत जाणारी हवा आत घ्यायची. वाया जाणारी उष्णता अशी परत येते व ज्वाळेचा ताव पूर्वी कधी न मिळालेल्या पायरीवर चढतो. कोळशाचा आधी वायू करून तो या भट्टीत जाळण्याची योजना १८६१ च्या सुमारास सिद्ध झाली. मायकेल फॅरडे यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारी सायंकाळी दिलेले अखेरचे व्याख्यान, जून १८६२ मधील, याच भट्टीवर होते.

ही भट्टी प्रथम काचेच्या कारखान्यांत रुळली. पोलाद वितळवण्यासाठी ती वापरावी हा पुढला विचार, आणि आमच्या विषयाचा धागा येथेच गुंतलेला आहे. वितळलेल्या बिडात कार्बन फार असतो. तो कमी करण्याचा एक उपाय म्हणजे त्यात मऊ, कार्बनरहित लोखंड विरघळवून मिश्रण पातळ करणे. फ्रान्समध्ये सिरुई येथे मार्टिन पितापुत्रांनी १८६४-६५ साली सीमेन्स यांच्याच भट्टीत मोडीचे लोखंड घालून हे साधले. सीमेन्स यांनी स्वतः बर्मिंगहॅमच्या नमुना-कारखान्यात प्रयोग केले आणि १८६८-६९ साली वेल्समध्ये स्वान्सीजवळ लँडोर येथे मोठा कारखाना उभा राहिला. पण हे मऊ लोखंड आणायचे कोठून? ढवळभट्टीतून आणले तर महाग आणि मजुराच्या हातावर अवलंबून. मोडीतून आणले तर ज्याची मोड त्याचे दोष. सीमेन्स यांना ते खनिजातून थेट हवे होते. फिरती भट्टी जन्मास आली ती ओपन हार्थची दासी म्हणून. पुढे तीच स्वतंत्रपणे घडीव लोखंड करू लागली, हा भाग नंतरचा.

पहिला प्रयत्न फसला, आणि तो ज्या कारणाने फसला ते बोधप्रद आहे. खनिज फिरत्या नळीतून सावकाश खाली सरकवावे, वाटेत त्याचे स्पंजासारखे लोखंड व्हावे आणि ते सरळ वितळत्या कुंडात पडावे अशी योजना होती. स्पंज-लोखंड झाले, परंतु असे सच्छिद्र लोखंड वायूतील गंधक टिपकागदासारखे शोषून घेते, आणि गंधक असलेले लोखंड तापलेल्या स्थितीत घणाखाली फुटते. कुंडात पडल्यावर ते मळीवर तरंगत राही ही आणखी एक अडचण. सीमेन्स यांनी हा मार्ग सोडला. मग त्यांनी विचार उलटा केला: खनिज प्रथम तापवून वितळण्याच्या बेतास आणावे आणि मगच त्यात कोळसा घालावा, म्हणजे वितळत्या राशीतून लोखंड साक्यासारखे खाली बसेल आणि ज्वाळेच्या वायूंना ते शोषण्यास अवसर मिळणार नाही. १८७३ साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्यांनी या रीतीचे जे वर्णन केले त्याच्या आधारे ती आम्ही थोडी विस्ताराने सांगतो, कारण मौज तपशिलात आहे.

भट्टी म्हणजे पुरुषभर उंचीहून मोठ्या व्यासाचे लोखंडी पिंप, चार रुळांवर आडवे ठेवलेले. आतून बॉक्साइटच्या विटांचे अस्तर आणि त्यावर लोखंडाच्या ऑक्साइडाचा लेप. पिंपाच्या एका तोंडाशी विटांच्या जाळीच्या कोठड्या. ज्वाळा त्याच तोंडाने आत शिरते, दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन वळते आणि त्याच बाजूने बाहेर पडते. दुसरे तोंड कामगारांचे: तेथे न फिरणारे दार, खाली मळी काढण्याचे भोक.

वाटाण्याएवढे किंवा घेवड्याच्या दाण्याएवढे फोडलेले सुमारे एक टन खनिज, मळी पातळ करण्यापुरता चुना किंवा दुसरा द्रावक मिसळून, पिंपात टाकीत. या वेळी पिंप अगदी मंद फिरे, तासाला चार-पाच फेरे. चाळीस मिनिटांत खनिज लालभडक होई. मग सुपारीएवढ्या तुकड्यांचा पाच-सहा हंड्रेडवेट दगडी कोळसा आत टाकून पिंपाचा वेग एकदम वाढवीत, तासाला साठ ते ऐंशी फेरे, म्हणजे कोळसा व खनिज झपाट्याने मिसळावे. लागलीच आत खळबळ उडे. खनिजातील प्राणवायू व कोळशातील कार्बन यांच्या संयोगाने कार्बन मोनॉक्साइडाचे लोट निघत. ते स्वतःच जळण्याजोगे असल्यामुळे बाहेरील वायू बंद करून केवळ तप्त हवा सोडली तरी भट्टीचा ताव टिके. आपल्याच श्वासावर भट्टीने जळावे, असा हा देखावा. प्रतिक्रिया संपत आली की वेग पुन्हा मंद करीत, मळी निवळून खाली जमे व ती सोडून देत. शेवटी पिंप पुन्हा जोराने फिरवले की आतले लोखंडाचे कण एकमेकांस चिकटून त्यांचे दोन-तीन गोळे होत. ते बाहेर काढून घणाखाली देत, अथवा तसेच लाल असताना ओपन हार्थच्या कुंडात सोडीत. दोन तासांत हे सर्व आटपून दहा हंड्रेडवेट, म्हणजे अर्धा टन, धातू हाती येई.

हे वर्णन वाचताना धावडांच्या भट्टीची आठवण होते ती उगीच नव्हे. तोच न वितळणारा गोळा, तीच मळी, तोच शेवटचा घण. फक्त भात्याच्या जागी विटांची जाळी आली आणि लोहाराच्या हातातील सळईच्या जागी खुद्द भट्टीच फिरू लागली. लोखंड ढवळण्यासाठी भट्टी फिरवण्याची कल्पना मात्र केवळ सीमेन्स यांची नव्हे. अमेरिकेत सिन्सिनाटी येथे सॅम्युएल डँक्स यांनी बीड ढवळण्यासाठी फिरती भट्टी बांधली होती, आणि ती पाहण्यास इंग्लंडच्या आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटने १८७१ साली एक मंडळच धाडले होते. डँक्स यांच्या पिंपात जाई ते बीड. सीमेन्स यांच्या पिंपात खनिज. हा फरक थोडा नाही. पण पुष्कळ लेखक या दोन भट्ट्यांची गल्लत करतात.

फिरत्या भट्टीचा खरा गुण फॉस्फरसाच्या बाबतीत दिसून आला. त्या वेळी पोलादवाल्यांचे सर्वांत मोठे दुखणे हेच होते. बेसेमर यांनी १८५६ साली आपली रीत जाहीर केली तेव्हा ज्यांनी ती उत्साहाने उचलली त्यांचे हात पोळले ते फॉस्फरसयुक्त बिडामुळे, आणि इंग्लंडातील बहुतेक खनिज त्याच जातीचे होते. सीमेन्स यांनी नॉर्दम्पटनशरमध्ये टोस्टर येथे तेथील स्थानिक हलक्या खनिजावर फिरत्या भट्ट्या चालवल्या आणि बराचसा फॉस्फरस मळीत जातो असे दाखवून दिले. याचे कारण आज आपणांस स्पष्ट सांगता येते. या भट्टीची मळी लोखंडाच्या ऑक्साइडाने भरलेली असते, आणि असल्या मळीत, मध्यम तावावर, फॉस्फरस धरून ठेवण्याची शक्ती असते. झोतभट्टीच्या मळीत लोखंड जवळजवळ उरत नाही. म्हणून तेथे फॉस्फरसाला धातूत उतरण्यावाचून गत्यंतर नसते.

पण याचीच दुसरी बाजू अशी की, मळीत राहिलेले लोखंड म्हणजे वाया गेलेले लोखंड. एक टन खनिजात शेकडा साठ धातू धरला तर बारा हंड्रेडवेट हाती यावयास हवा, येई दहा. शुद्धता आणि नासाडी या दोन गोष्टी येथे एकाच कारणाची फळे होती. जी मळी फॉस्फरस गिळी, तीच विटांचे अस्तरही गिळी. ते पुन्हा पुन्हा लेपावे लागे. नासाडी कमी करण्यासाठी कोळसा वाढवावा, तर फॉस्फरस परत लोखंडात येऊ लागे.

उत्पादनाचाही हिशेब करून पाहावा. दोन तासांस अर्धा टन. एक क्षणही न थांबता अहोरात्र चालली तरी दिवसाला सहा टन आणि आठवड्याला चाळीस-बेचाळीस टन. त्या काळची झोतभट्टी आठवड्याला शेकडो टन बीड देत असे. शिवाय गोळे बाहेर काढण्याचे काम अखेर कसबी माणसाच्या सांडशीवरच आले. ज्या हातांपासून सुटका हवी होती ते हात पूर्णपणे सुटले नाहीत.

तरीही केवळ एवढ्याने ही भट्टी बंद पडली असती असे आम्हांस वाटत नाही. ढवळभट्टीत तरी नासाडी व मजुरी कोठे कमी होती? आमच्या मते निर्णायक घाव बाहेरून बसले, आणि त्यांतला मोठा सीमेन्स यांच्याच हातचा होता. लँडोर येथे ओपन हार्थमध्ये काम करताना असे दिसून आले की बिडाच्या कुंडात मऊ लोखंड घातलेच पाहिजे असे नाही. सरळ खनिजाचे तुकडे टाकले तरी त्यांतील प्राणवायू बिडातील कार्बन जाळतो आणि त्या खनिजातील लोखंडही पोलादात मिळते. ही रीत तेथे रुळली. म्हणजे ज्या मऊ लोखंडासाठी फिरती भट्टी मांडली, त्याची गरजच धनिणीस उरली नाही. दुसरीकडे, याच वर्षांत रेल्वेचे लोखंडी रूळ काढून पोलादी बसवले जात होते, त्यामुळे मोडीचे घडीव लोखंड स्वस्त आणि मुबलक झाले. मार्टिन रीतीने चालणाऱ्यांसही खनिजापर्यंत जाण्याचे कारण राहिले नाही.

उरला फॉस्फरस. सिडनी गिलख्रिस्ट टॉमस या पोलीस-कचेरीतील कारकुनाने आपले मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांच्या साहाय्याने त्याचाही निकाल लावला. भट्टीच्या अस्तरास आम्लधर्मी विटांऐवजी डोलोमाइट वापरून आणि कुंडात चुना घालून फॉस्फरस मळीत नेता येतो, हे १८७९ साली मिडल्सबरो येथे सर्वांसमक्ष सिद्ध झाले. हलक्या खनिजातून चांगला धातू देणारी एकमेव भट्टी हा जो मान फिरत्या भट्टीला होता तो त्या दिवशी गेला.

शेवटी, खुद्द घडीव लोखंडालाच गिऱ्हाईक कमी होऊ लागले. ब्रिटिश आरमाराने ‘आयरिस’ आणि ‘मर्क्युरी’ ही जहाजे सबंध पोलादाची बांधली, आणि त्यांचे पत्रे लँडोरच्या ओपन हार्थमधून आले. ‘आयरिस’ १८७७ साली पाण्यात उतरली. वितळलेल्या पोलादात मळीचे धागे नसतात. त्याचा कितीही मोठा ठोकळा ओतता येतो. घणाखाली गोळा पिळून मिळणाऱ्या धातूला आकाराची मर्यादा आहे. ही मर्यादा भट्टी कितीही फिरवली तरी ओलांडता येत नव्हती, कारण ती धातू न वितळण्यातच होती. सीमेन्स आपल्या एका हाताने ती ओलांडत होते आणि दुसऱ्या हाताने तिच्या आत राहून उत्तम ते साधू पाहत होते. हे त्यांच्या ध्यानात आले नसेल असे नाही. तरीही १८७७ साली, आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष असताना, ते सरळ रीतीचा कैवार घेतच होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातही अशा भट्ट्या बांधून पाहिल्या गेल्या. त्याही टिकल्या नाहीत. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला लंडनमध्ये ते वारले. फिरत्या भट्टीच्या मागे उभे राहणारे दुसरे कोणी नव्हते.

याच सुमाराची आपल्या बाजूची एक हकीकत येथे नमूद करावीशी वाटते. निमाडात बडवाह येथे, जेथे गावोगावच्या लहान भट्ट्या सरळ रीतीने लोखंड काढीत होत्या, इंग्रज सरकारने मिटांडर नावाचा स्वीडिश तज्ज्ञ आणून १८६० पासून कोळशावर चालणारा झोतभट्टीचा कारखाना उभारला. तो नियमित उत्पादनास लागण्यापूर्वीच १८६४ साली गुंडाळण्यात आला. वळशाची वाट श्रेष्ठ ठरली हे खरे; पण ती सर्वत्र आणि आपोआप श्रेष्ठ ठरली नाही, एवढे यावरून दिसते.

फिरते पिंप मात्र लोखंडाच्या धंद्यातून कायमचे गेले नाही. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीतील क्रुप कंपनीने लांब, कलत्या, सतत फिरणाऱ्या नळीत हलके खनिज व कोळशाचा चुरा घालून लोखंडाचे लहान गोळे काढण्याची रीत रूढ केली. सीमेन्स यांना घाणीनंतर घाणी भरावी लागे, ती अडचण येथे नव्हती. एका टोकाने माल जात राही, दुसऱ्या टोकाने येत राही. त्यानंतर याच जातीच्या भट्ट्यांत, ताव वितळण्याच्या अंशापासून बराच खाली ठेवून, स्पंज-लोखंड करण्यात येऊ लागले. हैदराबादकडील आमच्या वाचकांस ठाऊक असेल की, हिंदुस्थानातील कोळशावर चालणारा असा पहिला कारखाना तेलंगणात खम्मम जिल्ह्यात (आता भद्राद्री कोत्तगुडेम) पाल्वंचा येथे १९८० साली सुरू झाला. आज जगात सर्वाधिक स्पंज-लोखंड आपल्याच देशात निघते, आणि त्यातला मोठा भाग कोळशाच्या फिरत्या भट्ट्यांतून येतो. बेळगावच्या पूर्वेस बळ्ळारी-कोप्पळ पट्ट्यात त्या रांगेने उभ्या आहेत. सीमेन्स यांनी ज्याला गंधकाच्या भयाने सोडले तेच हे सच्छिद्र लोखंड. गंधकासाठी आता नळीत डोलोमाइट घालतात. नळीतून निघालेला माल थंड करून लोहचुंबकाने वेचतात आणि विजेच्या भट्टीत नेऊन वितळवतात.